जिभेला लावून पाहिलेला साबण

मणीकाकीच्या घरात कधी अंडं आलं नव्हतं, म्हणून साबण करताना ती बटाटा वापरायची. हे सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, साबणात बटाटा घालत असेल. तसं नाही. केळीचा घड उतरवला की उरलेला खांब चिरून वाळवायचा, जाळायचा, त्याची राख भोक पाडलेल्या मडक्यात भरून वरून पाणी ओतायचं. खाली थेंब थेंब गळतं ते राखेचं पाणी. त्यात चुन्याची निवळी घालून ते आटवायचं. ते साबणाजोगं तेज झालं का, हे बघायला बाकीचे लोक त्यात अंडं सोडतात. अंडं तरंगलं आणि त्याचा रुपयाएवढा गोल पाण्याबाहेर दिसला की झालं. काकी वैष्णव गुजर घरातली. ती अंड्याऐवजी बटाटा सोडायची आणि म्हणायची, देवाने दोन्ही गोलच केलेत.

मी तेव्हा तोरणमाळच्या अंगाला एका उपकेंद्रावर नर्स होते. महिन्या-दोन महिन्यांनी घाट उतरून शहाद्याला घरी यायची. आमची पहिली भेट शहाद्याच्या स्टँडवर झाली. मी बाकावर बसले होते आणि शेजारी पांढऱ्या लुगड्यातली एक उंच बाई माझ्या हातांकडे टक लावून बघत होती. मला राग आला. माझे हात तेव्हा बघण्यासारखे नव्हतेच. दिवसातून वीस वेळा दवाखान्याच्या साबणाने धुऊन धुऊन बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या.

"तुन्हा हात दाखाड," ती म्हणाली. ओळख ना पाळख. मी दाखवले. तिने उलटे केले, सुलटे केले आणि पिशवीतून केळीच्या खांबाच्या वाळक्या सालीत, सोपटात बांधलेली एक वडी काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"आठ दिन हाऊ लाव. गुण नही उना ते फेकी दे."

वडी तपकिरी होती आणि बोटाने दाबली तर खळगा पडत होता. वास म्हणाल तर तेलाच्या घाण्याजवळून जाताना येतो तसा. आठ दिवसांनी माझ्या भेगा भरल्या. पुढच्या खेपेला मी तिचं गाव शोधत गेले. प्रकाशाच्या अलीकडे, तापीच्या काठी, चहूकडून केळीच्या बागा. मागच्या अंगणात पत्र्याच्या छपराखाली तिचा सगळा कारभार होता. भिंतीशी फळ्यांवर कापलेल्या वड्या ओळीने वाळत होत्या. ती मला बघून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "हात दाखाड."

काकी कमी बोलायची. घरात गुजरी, आमच्याशी अहिराणी, आणि सरकारी माणूस आला तर शाळेतली मराठी, तीही दोन वाक्यं. पण साबणाच्या बाबतीत तिचे नियम पक्के होते आणि ते ती कुणालाही ऐकवायची. वडी चाळीस दिवस सावलीत वाळल्याशिवाय हलवायची नाही. आणि चाळिसाव्या दिवशी प्रत्येक घाण्यातली एक वडी उचलून जिभेच्या टोकाला लावल्याशिवाय एकही घराबाहेर जाऊ द्यायची नाही. साबण कच्चा असला, राखेचं पाणी जास्त तेज पडलं असलं, तर जिभेला चटका बसतो. नुसतीच तुरट चव आली तर साबण माणसाच्या अंगाला लावण्याजोगा. मी एकदा म्हटलं, कागदाच्या पट्ट्या मिळतात, रंग बदलतो, मी आणून देते. तिने मान हलवली.

"जिभले कळस ते कागदले कळत नही."

शहाद्याच्या एका दुकानदाराने तिच्यामागे लकडा लावला होता. मारवाडी गृहस्थ, सभ्य. माझ्यासमोर तो एकदा आला होता. त्याचं म्हणणं, काकी, थोडा हिरवा रंग घाला, थोडा वास घाला, बाकी वरचा कागद-बिगद मी बघतो. काकी त्याला ताक देऊन म्हणाली, "साबण मळ काढाले राहस, भाऊ. वास जोयजे ते बायकोले मोगरा ले." तो हसला, ताक प्यायला आणि गेला. पुढच्या महिन्यात परत आला. त्याला शेवटपर्यंत ताकच मिळालं.

तिचा एक स्वभाव मात्र मला खटकायचा, आणि तो सांगितल्याशिवाय काकी पुरी होत नाही. ती कृती कुणालाही शिकवत नसे. राख गाळायला सुना चालत, खांब चिरायला गडी चाले, पण चुन्याची निवळी घालायची वेळ आली की ती सगळ्यांना छपराबाहेर काढायची आणि पडदा ओढून घ्यायची. किती राखेला किती चुना, किती तेलाला किती पाणी, मीठ कधी, हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. मोठी सून एकदा माझ्याजवळ रडली होती. बारा वर्षं ह्या घरात आहे, म्हणाली, आणि अजून परकीच. मी काकीला बोलले. ती वड्या मोजत होती, मोजतच राहिली. मग म्हणाली, "सिस्टर, मन्हाजोडे दुसरं काय शे?" जमीन मुलांच्या नावावर, घर सुनांच्या हातात. पडद्यामागची तेवढी जागा तिची होती.

तेलाचा प्रश्न तिला कायम पडलेला असे. तिला मोहाच्या बियांचंच तेल लागायचं. त्या बियांना आमच्याकडे डोळी म्हणतात. माझ्या उपकेंद्राच्या वरच्या पाड्यावर तारकीबाई नावाची पावरा आदिवासी बाई होती. पाड्यावरची बाळंतपणं तीच करायची, त्यामुळे माझं तिच्याशी रोजचं काम. तिच्या घरी डोळीचं तेल निघे. मी एक डबा काकीसाठी खाली नेला आणि मग तो रिवाजच पडला. जीपमधून तेलाचा डबा खाली जायचा आणि साबणाच्या वड्या वर यायच्या. पाड्यावरच्या बाळंतिणींना मी त्या वाटायची, अंगाला आणि फडक्यांना.

ह्या दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. निरोप तेवढे माझ्याकरवी. काकी डब्याचं झाकण काढून वास घ्यायची आणि म्हणायची, तुझ्या तारकीबाईला सांग, ह्या खेपेला बिया ओल्या होत्या. तारकीबाई वडी नाकाशी धरून म्हणायची, "माझं तेल आहे. बाईने त्यात अजून काय घातलं?" मी हे काकीला सांगितलं तेव्हा ती खुश झाली. पण सांगितलं काहीच नाही.

आता ज्यासाठी हे सगळं सांगते आहे ती गोष्ट. जून महिना होता. आभाळ भरून आलं होतं आणि मला दुसऱ्या दिवशी वर पोचायचं होतं. मोठा पाऊस झाला की घाटात दरड येते आणि आठ-आठ दिवस गाडी जात नाही. पाड्यावर तीन बायकांचे दिवस भरत आले होते, त्यांतली एक तारकीबाईची सून. मी वड्या घ्यायला काकीकडे गेले. घाणा चाळीस दिवसांचा झाला होता, फळीवर तयार होता. पण काकी माळ घेऊन बसली होती.

"आज एकादस शे, सिस्टर. निर्जळा. आज जिभवर काहीच नही. सकाळी ये."

मी म्हटलं, "काकी, रातले पाऊस उना ते घाट बंद पडी. तुन्हा साबणले आजपावत काही व्हयनं शे का?"

हे मी म्हटलं. तिने नव्हे. मी हे इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे तिने सगळ्यांसमोर सगळा दोष एकटीने घेतला आणि मला बोलू दिलं नाही. ती थोडा वेळ माळ ओढत बसली. मग उठली, वडी हातात घेतली, दाबली, वास घेतला, उजेडात धरली. जिभेला लावली नाही. आणि आठ वड्या सोपटात बांधून मला दिल्या.

त्या घाण्याच्या वेळी काय झालं होतं ते नंतर कळलं. घरात साठवलेले जुने बटाटे संपले होते आणि मुलाने बाजारातून नवे आणले होते. नवा बटाटा जड. तो तरंगेचना. काकीला वाटलं पाणी अजून कच्चं आहे, आणि ती आटवत राहिली. जुना बटाटा केव्हाच वर आला असता. पाणी नको तेवढं तेज झालं आणि ते साबणात गेलं. हातात अंडं असतं तर कदाचित हे झालं नसतं. जीभ लावली असती तर नक्कीच झालं नसतं.

तारकीबाईच्या सुनेला मुलगी झाली. पाचव्या दिवशी तारकीबाईने तिला आंघोळ घातली. मी सुनेच्या अंगाला आणि फडक्यांना म्हणून दिलेल्या वडीचा हात तिने बाळाच्या अंगावरूनही फिरवला, इतकी वर्षं पाड्यावरच्या बायका सगळ्या घरांत फिरवत होत्या तसाच. संध्याकाळी मला बोलावणं आलं. पोरीच्या काखेत आणि जांघेत कातडी सोलली होती. ती रडून रडून थकली होती आणि दूध ओढत नव्हती. तारकीबाई तिला मांडीवर घेऊन बसली होती आणि स्वतःच्या हाताकडे बघत होती. मी पाण्याने धुतलं, मलम लावलं, आणि पहाटेच तालुक्याच्या दवाखान्यात हलवलं. घाट तोवर बंद पडला होता, पण तो दवाखाना वरच्याच अंगाला आहे. वडी मी माझ्या जिभेला लावून पाहिली. लगेच थुंकावं लागलं.

दवाखान्यातून मी काकीच्या मुलाच्या मोबाइलवर पोरीचा फोटो पाठवला. आधी विचार केला नव्हता, रागात पाठवला. राग कुणाचा होता ते मला तेव्हाही कळत नव्हतं. मुलाने नंतर सांगितलं, आईने दोन बोटांनी फोटो मोठा केला, काख बघितली, जांघ बघितली, फोन खाली ठेवला आणि मागे जाऊन फळीवरच्या सगळ्या वड्या शेणाच्या खड्ड्यात टाकल्या. मग कढई घासून पालथी घातली. त्या घरात काकीने त्यानंतर साबण केला नाही. निर्जळा एकादशीही तिने त्यानंतर कधी धरली नाही.

तीन दिवस पोर दुधाला तोंड लावत नव्हती. चौथ्या दिवशी लावलं. बाराव्या दिवशी आम्ही तिला पाड्यावर परत आणली. त्याच्या दोन दिवसांनी घाट उघडला आणि पहिल्या जीपमधून मणीकाकी उतरली. आयुष्यात पहिल्यांदा ती घाट चढली होती. सोबत मुलगा होता, त्याला तिने उपकेंद्राच्या पायरीवर बसवलं आणि मला म्हणाली, "घर दाखाड."

चिखलातून अर्धा तास चालून आम्ही गेलो. तिला धाप लागत होती, पण ती थांबली नाही. तारकीबाईच्या अंगणात पाच-सहा माणसं होती. काकी मधोमध उभी राहिली, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"हाऊ साबण मी करा. चाखा नही आनं दिधा. सिस्टरना दोष नही."

मी बोलायला तोंड उघडलं तर तिने माझ्याकडे न बघता हाताने गप्प केलं. तारकीबाई ओट्यावर बसली होती. तिने विचारलं, का चाखला नाहीस? काकीने सांगितलं, उपास होता. तारकीबाईने तिच्याकडे बघितलं. ती सगळ्यांनाच तू म्हणते, कलेक्टर आला तरी.

"तू देवासाठी एक दिवस नाही खाल्लं," ती म्हणाली. "माझ्या पोरीने तीन दिवस नाही खाल्लं."

काकी उभीच होती. तिने विचारलं, काय दंड द्यायचा तो सांगा, मी देते. तिकडे भांडण पंचांपुढे जातं आणि पंच दंड ठरवतात, हे मीच तिला वाटेत सांगितलं होतं. तारकीबाईचा नवरा काही बोलणार होता. तारकीबाईने त्याला बोलू दिलं नाही.

"दंड नको. मीच घासलं तिला, ह्या हाताने. तुझ्यावर भरवसा ठेवून घासलं. माझं तेल खाली जातं, साबण होऊन येतं. तू त्यात काय घालते, मला माहीत नाही. माहीत असतं तर मी बघितलं असतं. मला शिकव."

मी काकीचं तोंड बघितलं. कृती तिने सुनांना दिली नव्हती, मला नाही, आणि आता तारकीबाई मागत होती. मला वाटलं, काकी आता पैसे काढेल, गाय देईन म्हणेल, काहीही म्हणेल. काकी खाली बसली. चिखलातच बसली, लुगड्याची पर्वा न करता. आणि तिथेच, सगळ्यांसमोर, बोटं मोजून सांगू लागली, किती राख, किती चुना. तारकीबाईने तिला थांबवलं. आज नको, म्हणाली, आधी पाणी पी. काकीने परक्याच्या घरचं पाणी जन्मात घेतलं नव्हतं. तिने तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि सगळं पाणी प्यायली.

त्या हिवाळ्यात ती आली आणि आठ दिवस राहिली. माझ्याकडे झोपायची, दिवसभर पाड्यावर. वर केळी नाहीत, म्हणून तुरीच्या तुराट्यांची राख घेतली. ती राख काकीच्या ओळखीची नव्हती. पहिला घाणा फुटून तेल वेगळं झालं, दुसरा दगडासारखा झाला. काकी चिडायची, स्वतःवरच. तारकीबाई मात्र निवांत असायची. पाड्यावरच्या पाच-सहा बायका कढईभोवती बसून सगळं बघत. पडदा नव्हताच. काकी कधीकधी मधेच गप्प व्हायची, त्या बघणाऱ्या बायकांकडे पाहायची आणि मग पुढचं सांगायची. तिला ते सोपं जात नव्हतं, हे मला दिसत होतं. मला तिच्याबद्दल तेव्हा फार माया वाटली, आणि तिच्या मोठ्या सुनेबद्दल वाईटही.

पाणी तपासायची वेळ आली तेव्हा तारकीबाई घरातून कोंबडीचं अंडं घेऊन आली. काकीने पिशवीत बटाटा आणलाच होता. दोघी एकमेकींच्या हाताकडे बघत राहिल्या. मग काकीने बटाटा परत पिशवीत टाकला.

"तू सोड. मी तिकडे तोंड करस."

तिने खरंच तोंड फिरवलं. तारकीबाईने अंडं सोडलं आणि बायका ओरडल्या तसं काकीने हळूच मागे वळून बघितलं. रुपयाएवढा गोल वर आला होता. "हं," काकी म्हणाली, आणि पुन्हा तोंड फिरवलं.

पुढच्या दोन हिवाळ्यांतही ती आली. पाड्यावर आता साबण होत होता, वडी टणक होत होती. चाळिसाव्या दिवशी जिभेला लावायचं काम बायकांनी वाटून घेतलं होतं, एकीने चटका बसत नाही म्हटलं तरी दुसरी लावून बघायची. काकीला काही विचारायचं उरलं नव्हतं, तरी ती यायची. मला खरं कारण ठाऊक होतं. आल्या आल्या ती तारकीबाईच्या सुनेला म्हणायची, पोरीला उजेडात आण. पोरीच्या काखेत आणि जांघेत कातडीचा रंग फिका राहिला होता. काकी वाकून बघायची, गेल्या वर्षीपेक्षा कमी झालाय का ते बघायची. पण हात लावायची नाही. पोर चालायला लागली, बोलायला लागली, काकीच्या पिशवीत हात घालून खजूर काढायला लागली. काकी हात मागे घ्यायची. एकदा पोर तिच्या मांडीवर चढायला लागली तर काकी उठून उभी राहिली. मी तिला म्हटलं, अगं घे की. ती म्हणाली, "मन्हा हात नको लागाले."

तिसऱ्या हिवाळ्यानंतरच्या पावसात काकी गेली. मुलाचा फोन आला तेव्हा घाट बंद होता आणि मी वर अडकले होते. त्यामुळे मी तिला शेवटचं पाहिलं ते त्या तिसऱ्या हिवाळ्यातच, ती निघायच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला.

जीप यायला तास होता. काकी अंगणात खाटेवर बसली होती, पिशवी बांधून. तारकीबाईची सून रानात गेली होती. तारकीबाईने चुलीवरचं ऊन पाणी बादलीत ओतलं, विसण घातलं, पोरीचा झगा काढून तिला दगडावर उभी केली. मग घरात गेली, नव्या घाण्यातली वडी आणली आणि काकीच्या हातात दिली.

"तू घाल आंघोळ. मला डोळी निवडायची आहे."

काकी वडी हातात धरून बसून राहिली. माझ्याकडे बघितलं. पोर थंडीने दगडावर नाचायला लागली, तशी काकी उठली. आधी पाण्यात बोट घालून बघितलं. मग तांब्यातलं पाणी स्वतःच्या मनगटावर ओतलं, मग पोरीच्या पाठीवर. वडी हातावर घासली, फेस काढला. पाठीला लावलं, पोटाला लावलं. मग पोरीचा हात वर केला आणि काखेपाशी थांबली. पोर खिदळत होती, गुदगुल्या होतील म्हणून आधीच अंग चोरत होती. काकीने काखेला साबण लावला, हळू, दोन बोटांनी, आणि पोरीच्या तोंडाकडे बघत राहिली.

"डोळ्यात गेला," पोर ओरडली. काकीने घाबरून सगळा तांब्या तिच्या डोक्यावर ओतला. पोर अजूनच ओरडली आणि मग भिजलेलीच काकीच्या लुगड्याला बिलगली.

मी तारकीबाईकडे बघितलं. ती ओट्यावर आमच्याकडे पाठ करून बसली होती आणि सुपातल्या बिया निवडत होती. पोर एवढी ओरडली, तरी तिने मागे वळून पाहिलं नाही.